काशिरामची गोळी

सन्माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील विश्वस्त, देणगीदार बंधुभगिनी, आणि पहिल्या रांगेत आणून बसवलेले आमच्या वृद्धाश्रमातले माझे शेजारी,

आपले व्यवस्थापक परेशभाऊ आज निवृत्त होताहेत. रहिवाशांतर्फे चार गोड शब्द बोलायला मला उभं केलंय. मी पनवेलच्या बाजारातला शिंपी. शाळेपेक्षा गिऱ्हाइकांनीच जास्त शिकवलं.

परेशभाऊंनी आश्रमाला काय नाही दिलं? पत्रे गेले, स्लॅब आला. वाढदिवसाला, वर्षश्राद्धाला माणसं अन्नदानाला येऊ लागली. दात्याने पहिला घास भरवायचा, फोटो काढायचा, मग पंगत, आणि पंगतीनंतर गोळ्या. ही रीत त्यांचीच. पाहुणे येईपर्यंत गोळ्यांचा ट्रे ऑफिसात.

माझ्या शेजारच्या खाटेवर ओवे गावचा काशिराम होता. त्याला कंपवात. त्याची गोळी डॉक्टरांनी घड्याळाला बांधून दिलेली, जेवणाशी तिचा संबंध नाही. वेळेवर मिळाली की हा गडी पत्त्यांत मला लुबाडायचा. उशीर झाला की नुसतं लाकूड. परेशभाऊंना ठाऊक नव्हतं का? मीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "अण्णा, एकासाठी ट्रे फोडला की सगळा घोळ होतो." आणि हसले. हसणं मात्र गोड हं त्यांचं.

त्या दिवशी दात्याची गाडी रस्त्यात अडकली. ताटापुढे बसल्या बसल्या काशिराम आखडत गेला. मला म्हणाला, "अण्णा, गोली नाय तं मना गिलता बी नाय येनार." मी भावना सिस्टरला हाक मारली. तिने ऑफिसच्या दाराकडे पाहिलं आणि मान खाली घातली. फोटो झाला की लगेच देते, म्हणाली.

पाहुणे आले. गुलाबजाम भरवला. फोटो छान आलाय, दारातच लावलाय. घास मात्र पोटात गेला नाही, छातीत गेला. हॉस्पिटलातून काशिराम परतलाच नाही. फळ्यावर परेशभाऊंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'अल्पशा आजाराने'.

रीत अजून तीच आहे. आत्ताही ट्रे ऑफिसात आहे, कारण शाल पांघरवणारे प्रमुख पाहुणे कळंबोलीच्या सिग्नलला आहेत. इकडे पहिल्या रांगेत कुमुदताईंची मान कलायला लागलीय. तुम्हाला वाटत असेल, त्या माझ्या भाषणाला डोलताहेत.

तेव्हा अध्यक्ष महाशय, संधी दिलीत, आभार. परेशभाऊंना उदंड आयुष्य लाभो, आणि म्हातारपणी त्यांचं औषध कोणाच्या फोटोसाठी न थांबो. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला. सत्कार जरा थांबेल.

भावना, ट्रे आण बाई. कुमुदताईंपासून सुरुवात कर.