न चाचरता

...आणि तो फौजदार साहेब मला शिकवतोय, चाचरत बोलणं म्हणजे काय! मला! शाळा सातवीपर्यंतच झाली माझी, पण तुम्हाला सांगते, लहान पोर बोलतं ते बोबडं, चोरी पकडली की होतं ते त-त-प-प, आणि चाचरणं म्हणजे शब्द पार ओठांच्या उंबऱ्यापर्यंत येतो आणि तिथेच उभा राहतो, परक्या घरी आल्यासारखा... तसा आमच्या शेजारचा घड्याळजी. बावीस वर्षं भिंतीला भिंत आहे आमची! नुसतं 'पेपर आला का' विचारायला दारात आला, तर त्याचं 'पे-पे-पे' संपेपर्यंत माझे अर्धे कपडे वाळत घालून व्हायचे.

बायको मात्र तयारीची. ह्याने 'म-म' केलं की तिने मीठ पुढे केलंच. बावीस वर्षांत एक वाक्य त्याला पुरं करू दिलं नाही बाईने, मायेनेच हो! एकदा तो चिडून 'म-म-मरू दे' म्हणत होता, तेव्हाही मीठच मिळालं. मला काय करायचंय म्हणा!

तर मागच्या महिन्यात भिंतीपलीकडून आवाज. 'बा-बा-बायको ब-ब-बहिणीकडे...' थांबला. पुन्हा पहिल्यापासून. पेला भिंतीला लावला की स्वच्छ ऐकू येतं, आता पेला हातातच होता, त्याला मी काय करू? बायको कामावर गेली की ह्याचं सुरू. सोमवारी 'बायको'वरच अडला, मंगळवारी 'बहीण' सुटली, बुधवारी 'गुडघा' सुटला, आणि गुरुवारी जी गाडी धावली... 'बायको बहिणीकडे गेली, बहिणीचा गुडघा धरलाय, महिनाभर काही ती येत नाही.' मला तर कौतुकच वाटलं! आमच्या ह्यांना म्हटलं, 'ऐकलंत का, शेजारच्या वहिनी गावाला निघाल्यात वाटतं.' हे म्हणाले, 'तू आधी तो पेला खाली ठेव.'

शुक्रवारपासून वहिनी दिसेनात.

मी जिन्यात गाठलंच त्याला. 'वहिनी कुठायत हो?' तर माझ्या डोळ्यांत बघून, एका दमात... 'बायको बहिणीकडे गेली, बहिणीचा गुडघा धरलाय, महिनाभर काही ती येत नाही.' अंगावर सर्रकन काटा आला! खालच्या शिंपीणबाईंना तेच, दूधवाल्याला तेच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि बहीण? त्यांच्या दोरीवर बनियन किती हे मला तोंडपाठ, आणि बहीण आहे हे मला आत्ता कळतंय? शिवाय वहिनींचा चष्मा खिडकीत तसाच. त्याच्याशिवाय बाईला जिन्याची पायरी दिसत नाही हो... मला काय करायचंय म्हणा! पण झोप लागेना.

शेवटी वहिनी जायच्या त्या शिवणकामाच्या कारखान्यातून पोलिसांत तक्रार गेली आणि हे साहेब आले. त्याला विचारून झालं, मग माझ्या दारात. 'बाई, एकच सांगा. तुम्ही विचारलंत तेव्हा तो चाचरला का?'

'नाही साहेब, अजिबात नाही. तेच तर...'

'माझ्याशीही नाही चाचरला.' आणि लिहिलं की वहीत! 'न चाचरता उत्तर दिले.' म्हणे, 'खोटं बोलणारा माणूस चाचरतो, बाई. वीस वर्षं हेच काम करतोय.'

'अहो साहेब, सगळी माणसं खोटं बोलताना चाचरतात, हा खरं बोलताना चाचरतो! आणि ते वाक्य त्याने चार दिवस घोकलंय, मी ऐकलंय!'

'म्हणजे तो नीट बोलला हा त्याचा गुन्हा?'

'तसं... म्हणजे... मी आपलं... तो चष्मा...'

'चष्मे दोन असतात लोकांकडे. आणि तुम्हाला हे घोकणं वगैरे कसं ऐकू आलं?'

आता काय सांगू, पेला? 'भिं-भिंत... म्हणजे पा-पातळ...' आणि तुम्हाला सांगते, त्याने मान तिरकी केली आणि पुढची ओळ लिहिली, 'शेजारीण मात्र चाचरत बोलते'! बरं, हे सगळं शेजारचं दार सताड उघडं असताना. घड्याळजी तिथेच, डोळ्याला ते भिंग लावून, घड्याळाचं पोट उघडून बसलेला. मान वर केली नाही. नुसता हातातला चिमटा थांबला.

दोन दिवस पलीकडे चिडीचूप. मी ठरवलं होतं, पेल्याला हात लावायचा नाही. पण आज सोमवार, सकाळी आमचे हे बाहेर पडले आणि बिनपेल्याचंच ऐकू आलं, तोंड अगदी भिंतीला लावून बोलल्यासारखं... 'शे-शे-शेजारच्या ताई गा-गा-गा...'

बाहेरून कडी घातलीय हो कुणीतरी. म्हणून तर खिडकीतून सांगतेय तुम्हाला मघापासून! हसताय काय? त्या फौजदाराला फोन केला, तर म्हणतो, 'बाई, तुम्ही आधी न चाचरता बोला, मग बघू.'

असो. अजून 'गावा'वरच अडतोय बिचारा... म्हणजे गुरुवारपर्यंत तरी आहे मी.