दाजींची शिडी

रुचिता : आई, एक सांग. पोपट कागदाच्या घड्या घालतो का?

गिरिजा : सकाळी सकाळी हे काय काढलंयस?

रुचिता : काल ऑफिसला जाताना मी पिंजऱ्यात पाच पुड्या बांधून गेले. एकेका पुडीत एकेक शेंगदाणा. दाजीने चोचीने कागद फाडायचा, दाणा काढायचा, खायचा. आत्ता गादी झटकायला घेतली तर खाली पाचही कागद सापडले. इस्त्री केल्यासारखे. चार घड्या, वर रबर.

गिरिजा : चांगला कागद होता. फेकून द्यायचा?

दत्ताराम : गिरिजे, तुला म्हटलं होतं, थोडे चुरगळून ठेव.

रुचिता : बाबा! तुम्ही पण सामील?

दत्ताराम : मी साक्षीदार. ही भरवत होती, दाजी खात होते, मी पेपर वाचत होतो. गुन्हा घडला तेव्हा मी तिसऱ्या पानावर होतो.

रुचिता : आधी त्या पोपटाला अहो-जाहो बंद करा. त्यानेच तो चढलाय.

दत्ताराम : अगं, मान वाकडी करून बसतो तो थेट माझ्या बहिणीच्या नवऱ्यासारखा. म्हणून तर दाजी. ते पण असेच. समोर पाण्याचा तांब्या असला तरी हात पुढे करणार नाहीत, कोणीतरी ओतून देईपर्यंत तहानलेले बसतील.

गिरिजा : माणसाची आणि मुक्या जिवाची बरोबरी करू नका. त्याचा उजवा पाय मांजाने तुटला, डावा पंख लोंबतोय. देवानेच ज्याला कमी दिलं त्याला आणि वर काम सांगायचं? खायचं असेल तर आधी पुडी सोड? माझ्याने नाही होत.

रुचिता : देवाने नाही कमी दिलं. देवाने सगळं दिलं होतं, आपल्या गच्चीवरच्या पतंगवाल्यांनी काढून घेतलं. उगाच देवाच्या नावावर खपवू नकोस. डॉक्टर काय म्हणाले होते ते सांग.

गिरिजा : आठवतंय मला.

रुचिता : मोठ्याने सांग.

गिरिजा : छातीची पिसं उपटतो, रक्त काढतो. पंधरा दिवसांत थांबला नाही तर गळ्यात कॉलर घालू म्हणाले.

रुचिता : आज पंधरा दिवस झाले. अकराला दाखवायचंय. आणि काल परत तीन पिसं पडली होती, ती तू केराच्या टोपलीत तळाशी लपवलीस. मी टोपली पण बघितली.

दत्ताराम : ही पोरगी पोस्टात कशाला गेली? पोलिसात पाहिजे होती.

रुचिता : आई, ती कॉलर म्हणजे प्लॅस्टिकचं नरसाळं असतं. मान आत, चोच आत. चोच मग कशालाच टेकत नाही. एका पायाचा पोपट चोचीने चालतो. आधी चोच टेकवतो, मग पाय उचलतो. उद्या कोणी माझी कुबडी काढून घेतली आणि म्हणालं, ताई, तुमच्याच भल्यासाठी, तर?

गिरिजा : अगं पण मी काय त्याचं वाईट चिंतते?

रुचिता : तो पिसं का उपटतो? दुखतंय म्हणून नाही. कंटाळा! सकाळी उठतो, तू भरवतेस. दुपारी भरवतेस. मारी बिस्कीट चहात बुडवून भरवतेस. दिवसभर करायला काही नाही, मग स्वतःलाच सोलत बसतो. सायबर कॅफेत तासभर बसून बारा पानं प्रिंटआऊट काढून आणली मी. सगळ्यात तेच लिहिलंय. खाणं शोधायला लावा, फाडायला लावा, चढायला लावा. हातावर घेऊन हात हळूच खाली न्या, तो पंख फडफडवेल, रोज दहा वेळा. केलंस?

गिरिजा : दोनदा केलं. त्याची छाती इतकी धडधडायला लागली की मीच खाली बसले.

रुचिता : व्यायाम केल्यावर धडधडतेच छाती!

दत्ताराम : माझी रोज तीन जिने चढून धडधडते. मला कोणी मारी बिस्कीट भरवत नाही.

रुचिता : आणि पाण्याचा फवारा?

गिरिजा : पाणी दिवसाआड येतंय. माणसांनी आंघोळ करायची की पोपटाने?

रुचिता : बरं, ते सोड. बाबांनी दोन दिवस खपून शिडी केली. पायऱ्या जवळजवळ, प्रत्येक पायरीला सुतळी गुंडाळलेली, एका पायाची पकड बसावी म्हणून. कुठाय ती?

दत्ताराम : बाल्कनीत. तिच्यावर हिने फडकी वाळत घातलीत. चाळीस वर्षं फिटर होतो मी, माझ्या कामाची अशी किंमत.

पोपट : बिचारा!

रुचिता : ऐकलंस? एवढा एकच शब्द येतो त्याला. दुसरे पोपट विठू विठू म्हणतात, शिट्ट्या मारतात. हा घरात आल्यापासून येईल तो पिंजऱ्यात डोकावून काय म्हणतो? बिचारा. त्याला वाटतं तेच त्याचं नाव.

गिरिजा : लोक प्रेमाने म्हणतात गं.

रुचिता : मला पण प्रेमानेच म्हणायचे. चौथीपर्यंत तू मला कडेवर घेऊन शाळेत यायचीस. पाय तुझ्या गुडघ्यापर्यंत लोंबायचे माझे. पोरी म्हणायच्या, बघा, आज काकू रुचिता नेसून आल्या.

दत्ताराम : हे मला नव्हतं माहीत. वाईट आहे, पण जमलंय.

गिरिजा : तुम्ही हसू नका! शाळा लांब, रस्ता खड्ड्यांचा, तुला पायातला कॅलिपर टोचायचा. काय करायला हवं होतं मी?

रुचिता : तुला मलेरिया झाला होता तेव्हा काय झालं, आठवतं? बाबा फर्स्ट शिफ्टला. तू पांघरुणात. मी दप्तर गळ्यात अडकवलं आणि तिन्ही जिने ढुंगणावर बसून उतरले. एकेक पायरी. स्कर्ट मागून काळाकुट्ट. शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना संपली होती.

गिरिजा : मला शेजारच्या शैलाने येऊन सांगितलं. अंगात ताप, उठता येईना. दुपारपर्यंत रडत होते मी.

रुचिता : हो ना. तू रडत होतीस आणि मी मजा करत होते. तेव्हापर्यंतच्या आयुष्यात तेवढी मजा मला कधी आली नव्हती, आई. दुसऱ्या दिवशी तुझा ताप उतरला आणि मी परत कडेवर.

गिरिजा : …हे कधी बोलली नाहीस.

रुचिता : तू परत रडली असतीस.

दत्ताराम : शिडी आणतो मी. फडकी कुठे टाकू?

गिरिजा : टाका माझ्या डोक्यावर.

रुचिता : खिडकीच्या ग्रिलला टेकवा. अजून तिरकी. हां. खाली ती गोधडी अंथरा. वर ही पुडी बांधते. आत हिरवी मिरची आहे, तिचं शेपूट बाहेर दिसू दे. आता त्याला खालच्या पायरीशी सोडा. आई, तू मोड्यावर बसायचं. हात मांडीखाली.

गिरिजा : मांडीखाली?

रुचिता : दोन्ही. मी ओळखते तुझे हात.

(गिरिजाबाई हात मांडीखाली घेऊन बसतात. पोपट शिडीच्या तळाशी.)

पोपट : बिचारा!

गिरिजा : माझ्याकडेच बघतोय. सकाळपासून पोटात काही नाही त्याच्या.

रुचिता : तुझ्याकडे नाही बघत तो. मिरचीकडे बघतोय.

दत्ताराम : माझ्याकडे बघतोय, कारागीर कोण म्हणून. हां, चोच टेकवली. पाय उचलला… पहिली पायरी! सुतळी धरली, बघ, कशी घट्ट धरली. दुसरी. आता लोंबता पंख मध्ये येतोय… सरकवला. तिसरी!

गिरिजा : हळू रे बाबा, हळू.

दत्ताराम : चौथीवर थांबलेत दाजी. दम खातायत. चोच वरच्या पायरीला… अरे, निसटली…

गिरिजा : पडला! पडला!

रुचिता : हात! आई, हात मांडीखाली!

गिरिजा : अगं मरेल तो!

रुचिता : दोन फुटांवरून गोधडीवर पडून कोणी मरत नाही. मी किती वेळा पडलेय, मोज. कॅलिपर घालून, कुबडी घेऊन, भर बाजारात. प्रत्येक वेळी लोक धावून उचलायला येतात आणि मला ओरडावंसं वाटतं, अरे, थांबा, कसं उठायचं ते मला येतं!

दत्ताराम : भांडा तुम्ही. दाजी उठले.

गिरिजा : उठला?

दत्ताराम : अंग झटकलं, पिसं फुगवली. रागावलेत. बहीण माहेरी आली की तिचा नवरा असाच दिसायचा. परत पहिली पायरी. दुसरी. ह्या वेळेला चोच आधी दोन पायऱ्या वर टाकतोय, हुशार आहे गडी. तिसरी, चौथी…

गिरिजा : पाचवी गेली. अहो, पाचवी गेली!

दत्ताराम : दिसतंय मला.

गिरिजा : पंख बघा, दोन्ही उघडतोय. लुळा पण. मला वाटलं होतं तो मेलाय, तो पंख.

रुचिता : ओरडू नकोस, बिचकेल.

गिरिजा : मी कुठे ओरडतेय? पोचला! फाडतोय. कागद सगळीकडे उडवतोय मेला. अहो, मिरची पायात धरून खाता येत नाही त्याला, एकच पाय… मग कसा… ग्रिलच्या गजात अडकवली! गजात अडकवून खातोय!

रुचिता : हे बारा पानांत कुठेच लिहिलेलं नाही.

दत्ताराम : बेंचवाइस. मी पण कारखान्यात लोखंड असंच शिकंज्यात धरायचो.

गिरिजा : रुचे, डॉक्टरांना हे सांगायचं. कॉलर घालायची बात करू नका म्हणावं. पंधरा दिवस अजून द्या. ह्या वेळेला पुड्या मी बांधते. आणि सोडणार नाही. शप्पथ.

रुचिता : कोणाची शप्पथ?

गिरिजा : तुझी.

रुचिता : माझी नको, त्याची घे. माझी तू तीन वेळा मोडलीयस.

दत्ताराम : खाली हॉर्न वाजतोय. सदू रिक्षा घेऊन आला. चला, अकराची वेळ आहे. गिरिजे, उचल त्याला आणि घाल पिंजऱ्यात, तो तुझ्याच हातावर येतो.

गिरिजा : सदूला थांबायला सांगा.

दत्ताराम : तो थांबेल गं, डॉक्टर थांबणार नाहीत. नाहीतर मीच उचलतो.

गिरिजा : हात लावू नका हो. उतरतोय तो.