बाईंची डावी चप्पल

सन्माननीय अध्यक्ष सदाशिवराव, प्रमुख पाहुण्या डॉक्टर शरयूताई, जिच्यासाठी आज हे सभागृह गच्च भरलं आहे ती आमची बालवर्गाची माउली सुमनताई, मंडळाचे सभासद, दौलतगंजातून पायी आणि सिटी सेंटरहून गाड्या काढून आलेले आजी-माजी पालक, आणि पहिल्या रांगेत बसलेले, बसलेले कसले, खुर्च्यांवर उभे असलेले बालवर्गाचे विद्यार्थी, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी गुरुप्रसाद, या शिक्षण मंडळाचा कार्यवाह. मला पाच मिनिटं दिलेली आहेत आणि मागे कचोऱ्या निवताहेत, हे दोन्ही मला माहीत आहे. पण सत्तेचाळीस वर्षं एकच वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना पाच मिनिटांत वाटेला लावायचं का? सदाशिवराव, घड्याळाकडे बघू नका हो. आज जरा सांभाळून घ्या.

निरोपाच्या भाषणात गुणगान करायचं असतं. ते मागचे तीन वक्ते छान करून गेले. मी आज कबुली द्यायला उभा आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे की यंदा आपण बालवर्गाच्या प्रवेशासाठी एक यादी केली. आपण म्हणजे मी. बाकीच्या शाळा चाचण्या घेतात, आपण मागे पडतोय, पाटणकर बाजारातले पालकसुद्धा मुलांना दुसरीकडे नेतायत, अशी मला धास्ती बसली होती. साडेतीन वर्षांच्या मुलाला काय काय यायला हवं? मी बसलो आणि चौतीस मुद्दे काढले. पन्नासपर्यंत आकडे, दहा रंग, इंग्रजी अक्षरं, स्वतःचा पत्ता, एका पायावर उभं राहणं. एका पायावर कशाला, हे मला आता विचारू नका.

मार्चमध्ये आम्ही चाचणी घेतली. यशश्री नावाची एक चिमुरडी आली. मी तिला लाल फूल दाखवून विचारलं, "बेटा, हा रंग कोणता?" तिने माझ्याकडे फार दयेने पाहिलं आणि म्हणाली, "काका, तुम्हाला नाही येत? लाल आहे ना!" मग मी अक्षरं विचारली, तर आपल्या इथल्या हिंदीमिश्रित मराठीत म्हणे, "वो नंतर सांगते, आधी प्यास लगी आहे." चौतीसपैकी अकरा गुण. मी तिच्या नावापुढे फुली मारली.

सुमनताई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी मला एवढंच विचारलं, "गुरू, तिने पाणी स्वतः मागितलं ना? आई बाहेर गेली तेव्हा ती रडली का?" मी म्हटलं, "नाही रडली." त्या म्हणाल्या, "मग तिला सगळं येतं की रे." मी हसलो आणि फुली तशीच ठेवली. आठ दिवसांनी बाईंचा राजीनामा आला. कारण लिहिलं होतं, गुडघेदुखी. बाई, गुडघे तुमचे दहा वर्षं दुखतायत. त्या दुखऱ्या गुडघ्यांनी तुम्ही रोज सतरंजीवर मांडी घालून बसत होतात. मला काय कळत नाही?

राजीनामा द्यायला आल्या तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावर एक जुनी वही ठेवली. एकोणऐंशी सालची. दर मुलाबद्दल त्या पहिल्या दिवशी दोन ओळी लिहीत. माझं नाव सापडलं. वाचून दाखवतो. "गुरुप्रसाद. अक्षरं येतात, शंभरपर्यंत येतं, श्लोक पाठ. याला सगळ्यांत आधी जवळ घ्यायला हवं. चपला काढत नाही."

मंडळी, माझ्या यादीत मी पैकीच्या पैकी मिळवले असते. वडिलांनी घरी सगळं घोकून घेतलं होतं. पण मी पायातल्या चपला काढायला तयार नव्हतो. का, ते त्या वेळी कोणालाच सांगितलं नव्हतं. माझी आई वैशाखात गेली होती. घरात मला सांगितलं, पुण्याला मामाकडे गेली आहे, उद्या येईल. रोज उद्या. मला वाटायचं, ती दारात आली आणि मी चपला शोधत बसलो, तर ती मला न घेताच परत जाईल. म्हणून मी चपला घालून जेवायचो, चपला घालून झोपायचो. शाळेतही तसाच.

सतरंजीवर चपला आणायची कोणाची हिंमत नव्हती, शाळेतल्या शिपाई मावशी ओरडायच्या. बाई म्हणाल्या, "त्याला बसू दे." तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या, नोकरीला नुकत्या लागलेल्या. पण त्या वर्गाबाहेर पडल्या की मी किंचाळायचो, कारण जाणारं माणूस येत नाही, एवढं मला पक्कं कळलं होतं. चौथ्या दिवशी त्यांनी काय केलं? आपल्या पायातली डावी चप्पल काढून माझ्या मांडीत ठेवली आणि म्हणाल्या, "ही सांभाळ. मी पाणी पिऊन येते. एका चपलेनं मी कुठे जाणार आहे?"

त्या वर्षी पाऊस लांबला होता. अंगणातली फरशी तव्यासारखी तापलेली. बाई एका पायावर लंगडी घालत, "अगं आई गं, अगं आई गं" करत माठापर्यंत गेल्या आणि तशाच उड्या मारत परत आल्या. मी खो खो हसलो. आई गेल्यानंतर पहिल्यांदा हसलो असेन. दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसपर्यंत गेल्या, मग फाटकापर्यंत. दर वेळी चप्पल माझ्याकडे आणि दर वेळी बाई परत. पंधरा-वीस दिवसांनी केव्हातरी मी माझ्या चपला काढून बाहेर सगळ्यांच्या रांगेत ठेवल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाईंनी फक्त त्या सरळ करून ठेवल्या.

माझी आई काही आली नाही. पण गेलेलं माणूस परत येऊ शकतं, हे मी त्या सतरंजीवर शिकलो. त्या जोरावर पुढे शाळा झाली, कॉलेज झालं, बँकेची नोकरी झाली, संसार झाला. आणि ज्या माणसाला हे सगळं मिळालं, त्यानेच चौतीस मुद्दे लिहिले आणि त्यात हे एक घालायला विसरला! बाई, मला याची फार लाज वाटते.

सदाशिवराव, ती यादी तुमच्या सहीसाठी पडून आहे. ती मी सगळ्यांसमोर मागे घेतो. यशश्रीचा प्रवेश पक्का. ती बघा, तिसऱ्या रांगेत आईला सोडून भलत्याच काकूंच्या मांडीवर बसली आहे. आता जूनमध्ये नवी मुलं येतील. त्यांच्यात कोण मुकाट्याने रडतंय, कोण चपला काढत नाही, हे ओळखायला आमच्याकडे कोणी नाही. ते आम्ही कोणी शिकलोच नाही. बाई परवा लेकीकडे इंदूरला निघाल्यात. जाऊ नका, असं म्हणायला मला तोंड नाही. लेकीकडे जरूर जा, विश्रांती घ्या.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपला ऋणी आहे. बोलण्याच्या भरात काही कमी-जास्त झालं असेल तर आपलं समजून पोटात घाला. आणखी एक आगळीक घडली आहे, तिची मात्र वेगळी माफी मागतो. मघाशी सरस्वतीपुढे दिवा लावताना व्यासपीठावरच्या सगळ्यांनी चपला पायरीशी काढल्या होत्या आणि सगळ्यांचं लक्ष वातीकडे होतं. बाई, खाली उतराल तेव्हा तुम्हाला उजवी सापडेल. डावी माझ्या पिशवीत आहे. प्रवेशाच्या पहिल्या दिवशी शाळेत या आणि घेऊन जा. तोवर मी सांभाळतो.

एका चपलेनं तुम्ही कुठे जाणार आहात?