आपोआप मिटणारा हात

सभेचे अध्यक्ष, डिंगोऱ्याचे माननीय हौशीराम पाटील. आज आपला निरोप घेणारे डॉक्टर भगवंतराव ओतूरकर. त्यांच्या जागी कालच हजर झालेले नवे डॉक्टरसाहेब. जुन्नर पेठेतले व्यापारी बंधू, खेड्यांवरून आलेली पाहुणेमंडळी आणि उजव्या बाजूला बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, या कमरुद्दीन मणियाराचा सर्वांना मानाचा सलाम.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी बांगड्या भरणारा माणूस. बाईचं लक्ष हाताकडून दुसरीकडं वळवायचं तर तोंड चालूच ठेवावं लागतं, तीस वर्षांची सवय आहे. तेव्हा पाटील, घंटी जरा लांब ठेवा. आणि आज तर मला लई आनंद झालाय, बोलल्याशिवाय मी काही खाली बसायचा नाही.

मंडळी, बांगडी भरायची कशी, ठाऊक आहे का? पुरुषांनी मान हलवू नये, तुम्हाला ठाऊक नाही. मनगटाच्या वर डाव्या हातानं घट्ट धरायचं. उजव्या हातानं अंगठ्याचं मूळ आत दाबायचं, चारी बोटं जवळ घ्यायची, हात चिंचोळा करायचा आणि बांगडी अलगद सरकवायची. बाईनं हात ताठ केला की काच फुटली. पण काही हात असे भेटायचे की मी नुसतं धरून ठेवलं, चार बांगड्या चढल्या, की पाचवीला हात आपला आपणच मिटायचा. अंगठा आत, बोटं जवळ, जणू हातालाच बांगडी हवी! आमच्या धंद्यात त्याला मऊ हात म्हणतात. माझे वडील म्हणायचे, मीही म्हणायचो. भरल्या ओसरीवर मोठ्यानं म्हणायचो, की बायांनो, हात असावा तर असा. ती बाई लाजायची, बाकीच्या तिचा हेवा करायच्या.

दोन वर्षांमागं, पंचावन्न साली, माझी लेक नूरजहाँ तिसऱ्या बाळाला घेऊन ईदेला घरी आली. तिला पेठ गावी दिलीय, आंबेगाव तालुक्यात. पुणे-नाशिक रस्त्यावर जावयाचं चहाचं दुकान आहे. मी तिला बांगड्या भरायला बसलो, तर तिचा हात मिटला. मी खूश! ती म्हणाली, "अब्बा, मी मिटत नाही, तोच मिटतोय. आणि उघडायचं म्हटलं तर दुखतंय." मी ऐकलं काय? छे. हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी खोकल्याचं औषध आणायला दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांपुढं लेकीच्या हाताची फुशारकी मारली. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. रांगेतल्या माणसांची माफी मागितली, पिशवी उचलली आणि म्हणाले, घरी चला, आत्ता. भर दुपारी मणियार आळीतून डॉक्टर पुढं आणि मी मागं पळतोय, हे निम्म्या जुन्नरनं बघितलंय.

घरी त्यांनी रक्तदाब मोजायचा पट्टा लेकीच्या दंडाला बांधला, फुगवला आणि घड्याळ बघत बसले. तीन मिनिटं झाली नाहीत तोच हात मिटला! बांगडी नाही, मणियार नाही, आणि हात तयार. मी खुळ्यासारखा बघत राहिलो. पट्टा सोडला तरी ते थांबेना. दुसरा हात वळला, पावलं वळली, घसा आवळला, छाती धडधडायला लागली. लेक माझ्याकडं बघत होती आणि तिला बोलता येत नव्हतं. मंडळी, मी तेव्हा रडलो, सांगायला लाज कसली.

डॉक्टरांनी कॅल्शियमचं इंजेक्शन मागवून शिरेत टोचलं. तुम्ही ज्याला गरम सुई म्हणता ना, अंगातून ऊब सरसर फिरते म्हणून बाजाराच्या दिवशी हौसेनं मागता, तीच ती. पण डॉक्टर थेंबाथेंबानं देत होते, दुसरा हात नाडीवर. मी म्हणालो, साहेब, ढकला की भराभर. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही.

"कमरुद्दीनभाई, घाई केली तर हात उघडेल आणि काळीज थांबेल."

दहा मिनिटं! माझ्या जन्मात एवढी मोठी दहा मिनिटं झाली नाहीत. मग तिचं एकएक बोट सुटत गेलं आणि तिनं पाणी मागितलं.

नंतर त्यांनी मला समजावलं. हे कॅल्शियम हाडांत असतं, तसं थोडं रक्तातही लागतं. त्याच्यावर हात उघडतो, काळीज ठोके देतं. बाळ अंगावर पितं तेव्हा आईचं ते बाळाकडं जातं. खाण्यातून भरून आलं नाही, तर शरीर काळजासाठी हाडांतून काढून घेतं. म्हणून कंबर दुखते, हाडं ठिसूळ होतात. आणि हाडांतूनही पुरेनासं झालं, की हात जरा आवळून धरला तरी आपोआप मिटतो. माझ्या लेकीच्या घरी रोज घागरभर दूध यायचं, पण सगळं चहाच्या किटलीत. तिच्या वाट्याला कोरा चहा आणि उन्हाचं तोंड न दिसणारी आतली खोली.

डॉक्टर काय करतात? पुढच्या रविवारी माझ्याबरोबर एस.टी.नं पेठ गावाला! जावई मेहबूबनं आदरानं चहा पुढं केला. डॉक्टर म्हणाले, आधी नूरजहाँचे दुधाचे दोन पेले बाजूला काढा, मग मी तुमचा चहा घेतो. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, रोज अंगणात ऊन, सगळं त्याच्याकडून वदवून घेतलं. आज माझी लेक डोक्यावर घागर घेऊन चालते, मंडळी!

तेव्हापासून मी फेरीवर हात बघतो. मिटला, की बांगड्या बंद आणि दवाखान्याची चिठ्ठी. बाया चेष्टा करतात, भाऊ, आज बांगड्या भरताय का नाडी बघताय? करोत. एक्केचाळीस जणी आल्या, एक्केचाळीस बऱ्या झाल्या. आपले अध्यक्ष तर चुना हाडांना चांगला ऐकून डबीतला चुना बोटानं चाटायला लागले आणि तोंड भाजून आठ दिवस ताकावर राहिले. पाटील, हसताय म्हणजे माफ केलंत. घंटी ऐकली, आवरतो.

डॉक्टरसाहेब, तुमची बदली झाली, आम्ही काही करू शकलो नाही. तुम्ही एका मणियाराच्या फुशारकीत आजार ओळखलात, तुमचे आभार मी कोणत्या तोंडानं मानू? नवे डॉक्टरसाहेब, तुमच्या दारात माझ्या चिठ्ठ्या येतील. हसू नका, एवढीच विनंती.

बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. पण एक माफी सभेकडं मागून भागायची नाही. डिंगोऱ्याच्या साळुबाई शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसल्यात. त्यांना खाली बसवायला दोन सुना लागतात. माझी लेक बरी झाल्यावर मी एक्केचाळीस दारं गाठली, त्यांचं दार मात्र टाळलं, कारण त्यांच्यापुढं उभं राहायची मला लाज वाटत होती. साळुबाई, अकरा वर्षं तुमचा हात माझ्या हातात मिटत होता. कंबर दुखते, असं तुम्ही मला दोनदा सांगितलंत. आणि मी भरल्या ओसरीवर तुमची वाहवा केली. बाई, मला माफ करा. उद्या सकाळी तुमच्या दारात गाडी घेऊन येतो, आपण दवाखान्यात जाऊ.