पावाचं खोकं

...आणि मला म्हणते, ‘मिस्टर पिंचिन, तुम्ही नापास!’ नापास! मी! आणि कशात? गणितात नाही, भूगोलात नाही... बोलण्यात! माझ्याच बोलीत! तुम्हाला सांगतो, हा रेग पिंचिन अठ्ठावन्न वर्षांचा घोडा झाला, पूर्व लंडनातल्या ह्याच बाजारात, ह्याच पुलाखालच्या कोपऱ्यावर उभा राहून वाम आणि तिसऱ्या विकतो, माझ्या आधी माझी आई, डॉल नाव तिचं, ती विकायची, तिच्या आधी तिची आई, आणि ही कोण तर बाजार समितीची इमोजनबाई, तीन महिन्यांपूर्वी कुठल्याशा हिरव्यागार परगण्यातून उतरलेली, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, हातात टॅब, ती मला सांगते की मी अस्सल नाही! भाषा कुणाच्या बापाची नसते म्हणतात ना? कबूल. ही माझ्या आईची आहे!

थांबा, असं तुम्हाला काही कळायचं नाही. आमच्याकडे वस्तूचं नाव सरळ घेतलं तर जिभेला खाज सुटते. आधी तिच्याशी यमक जुळवायचं, आणि मग जुळलेला शब्दच फेकून द्यायचा! (यमकं तुमच्या भाषेत बेतून सांगतोय, गोड मानून घ्या.) आता बघा, जिना. जिन्याला ‘लिंबू-पुदिना’. पण ‘लिंबू-पुदिना चढून वर ये’ असं कोण म्हणेल? येडा म्हणेल! आम्ही म्हणतो, ‘लिंबू चढून वर ये.’ चहा म्हणजे ‘सव्वा दहा’, म्हणून ‘दोन सव्वा दे गं.’ फोन म्हणजे ‘कुत्रे दोन’, म्हणून ‘अरे, तुझा कुत्रा वाजतोय, उचल की!’ झालं. ह्यात अवघड काय आहे?

तर पर्यटकांनी तक्रार केली. काय, तर ‘आम्ही एवढ्या लांबून आलो, पण बाजारात कुणी ती गमतीची बोली बोलतच नाही हो!’ बोलत नाही? अहो, दिवसभर तुमच्या तोंडावर बोलत होतो! तुम्हाला कळली नाही! तुम्हाला कळू नये म्हणूनच तर काढलीय ना ती! पण नाही. समितीनं ठराव केला : पुलाखालचा कोपरा, जिथून सगळे पाहुणे आत शिरतात, तो फक्त ‘अस्सल बोली’ची परीक्षा पास होणाऱ्याला. बाकीच्यांनी मागं, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. कचऱ्याच्या डब्यांशेजारी मासे विकायचे! कोण घेईल? मांजरं?

मी म्हटलं, घ्या परीक्षा. हसत गेलो हो मी! आईचा जुना मफलर घालून गेलो! समोर इमोजनबाई, आणि टेबलावर प्रश्नपत्रिका म्हणून काय, तर भांडी पुसायचा कपडा! विमानतळावर विकतात तो, शब्द छापलेला!

‘मिस्टर पिंचिन, पहिला प्रश्न. पाव म्हणजे काय?’

‘डोकं. माझी आई टपली मारून म्हणायची, पाव वापर, रेग, पाव वापर!’

‘छान! आणि पूर्ण शब्दप्रयोग?’

‘पाव.’

‘हो, पण पावाचं...?’

‘पावाचं काय? लोणी?’

बाईनं फुली मारली. ‘पावाचं खोकं, मिस्टर पिंचिन. खोकं, डोकं. आता, तांबडी?’

‘पाय! दिवसभर उभं राहून तांबड्या सुजतात.’

‘पण तांबडी काय?’

आता मला काय ठाऊक तांबडी काय! मी कधी खाली वाकून विचारलंय? अठ्ठावन्न वर्षं त्या तांबड्यांवर उभा आहे! ‘गाय,’ म्हणाली. गाय! दुसरी फुली. आणि असे वीस शब्द! अर्थ वीसच्या वीस बरोबर, हं! शेपट्या ठाऊक नाहीत. शेपूट तोडूनच दिली होती मला आईनं! पण ह्यांना शेपटीसकट पाहिजे, कारण कपड्यावर शेपटीसकट छापलीय. मी ओरडलो, ‘बाई, ही भाषा माझ्या आईची आहे!’ तर अगदी गोड आवाजात म्हणते, ‘आठ दिवसांनी पुन्हा बसता येईल हं. निराश होऊ नका.’

आणि पहिला कोण आला? बोला, कोण? तोफाएल! शेजारचा भेंडी-कारलीवाला, बांगलादेशातल्या सिल्हेटहून एकोणिसाव्या वर्षी आलेला, वीसपैकी वीस! माझं असं टाळकं सरकलं... गेलो तरातरा. म्हटलं, ‘लेका, पाठ केलास ना तो कपडा? माझा कोपरा घ्यायला?’

तो भेंडीवर पाणी मारत होता. म्हणाला, ‘मला कशाला तुझा कोपरा? तिथं पुलाखाली दिवसभर वारा, माझी कोथिंबीर सुकेल. समिती म्हणाली बसा, मी बसलो. आणि कपडा कसला रे? मला डॉलमावशीनं शिकवलं.’

‘माझ्या आईनं?’

‘मग! मी आलो तेव्हा तुम्ही सगळे म्हणायचे, पाव वापर, आणि मी पिशवीत पाव शोधायचो. तुम्ही खिदळायचे. तूच सगळ्यात जास्त. मग एक दिवस मावशीला विचारलं, पावच का? तिनं मला उलट्या टोपलीवर बसवलं, सव्वा पाजला, आणि एकेक शब्द फोडून सांगितला. रोज एक. सहा महिने. मला म्हणाली, बरं झालं तू विचारलंस, पोरा. आमचा रेग कधी काही विचारतच नाही.’

...असं म्हणाली. वाईट वाटलं हो. तिला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि मी तिच्याशेजारी चाळीस वर्षं उभा होतो, हातभर अंतरावर.

पण कोपरा जाऊन चालणार होता का? मग आठ दिवस तोच तोफाएल, तीच टोपली! ‘चुकलास, रेग. पुन्हा म्हण.’ टपलीसुद्धा मारायचा, अगदी आईसारखी! पुन्हा बसलो आणि पास झालो. प्रमाणपत्र मिळालं. काय लिहिलंय त्यावर? ‘रेग पिंचिन. अस्सल बोली : नवशिका. प्रगती समाधानकारक.’ लटकवलंय आईच्या फोटोखाली. आणि खाली बारीक अक्षरात अट : कोपऱ्यावरच्या विक्रेत्यानं पाहुण्यांच्या सोयीसाठी शब्दप्रयोग पूर्ण उच्चारावेत!

म्हणजे आता मी दिवसभर ओरडतो, ‘या, साहेब! लिंबू-पुदिना जपून उतरा! पावाचं खोकं सांभाळा! तांबडी गाय घसरेल!’ आणि ते टाळ्या वाजवतात, व्हिडिओ काढतात. वाम एकही घेत नाही! मला माझीच लाज वाटते हो, आईच्या फोटोकडे पाठ करून ओरडतो.

आणि तेवढ्यात शेजारून तोफाएल हाक मारतो, भेंडी तोलता तोलता, मान वर न करता, ‘रेग, कधीचा कुत्रा वाजतोय तुझा... पाव कुठंय?’

बघा. शेपूटबिपूट काही नाही. भाषा माझ्या आईची, मंडळी... आणि बाजारात ती धड बोलणारा आता तो एकटाच उरलाय.