काटा बरोबर आहे

पाच? पाच किलोला पाचच दाखवतोय? — नाही दादा, पुन्हा एकदा लावून बघा ना, तो हुक वरच्या कडीत अडकतो कधीकधी — आता? पुन्हा पाचच. बरं, दोन किलोचं लावा बघू. तुमची वजनं झिजलेली नाहीत ना? रागावू नका हो, माझ्या एका तक्रारीवरून काटा तपासायला इतक्या लांबून आलात, कळतंय मला. तक्रार काय, तर काटा अर्धा किलो जास्त दाखवतो. हो, मीच लिहिली. चौदा वर्षं अंगणवाडीच्या या खोलीत पोरांची वजनं घेतेय मी, या वस्तीतलं एक पोर माझ्या हातून सुटलेलं नाही. तालुक्याहून मोठ्या बाई तपासणीला येतात तेव्हा नव्या मुलींना बसवून मलाच विचारतात, सांगा, वजन घेण्याआधी काय करायचं? मी झोपेतसुद्धा सांगेन — काटा शून्यावर आणायचा, पोराचे सगळे कपडे उतरवायचे, मग झोळीत घालायचं. दर महिन्याला कार्डावरचा ठिपका वर गेला पाहिजे. आडवा गेला की पोर वाळतंय, दवाखान्यात धाडायचं. पैकीच्या पैकी गुण आहेत मला यात, ते प्रमाणपत्र बघा भिंतीवर, चौकट करून लावलंय.

तर काटा जास्त दाखवतो. कशावरून? माझ्या धाकट्या जावेच्या मुलीवरून. एका घरात राहतो आम्ही, चूल एक. अकरा महिन्यांची होती. थंडीच्या सुरुवातीला सात किलो, मग सात-दोनशे, मग सात-चारशे — ठिपका कसा सरळ चढत गेलाय. जाऊ म्हणायची, ताई, हिचे दंड बारीक झालेत हो. मी म्हणायचे, तुला जास्त कळतं का मला? कार्ड बघ की. मग जुलाब लागले, साधेच, तीन दिवस — दवाखान्यात वजन घेतलं तर साडेसहा. जुलाबाने उतरतं थोडं, पण किलोभर? डॉक्टरांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं, म्हणाले, हे कोणी भरलं? जाऊ माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, आमचा काटा बिघडलाय. दुसऱ्या दिवशी पोर गेली.

नाचता येईना अंगण वाकडं — असंच मनात म्हणताय ना? म्हणा. थंडी होती हो. दुसऱ्यांची पोरं मी उघडी करते, रडली तर रडू देते, आया चिडतात, चिडू देते. ही घरची. पहिल्यांदा झबल्यावरच वजन घेतलं. पुढच्या महिन्यात स्वेटर, मीच विणलेला, दुहेरी लोकरीचा, म्हटलं कशाला काढा. त्याच्या पुढे टोपडं आणि जाड दुपटंही. पोर उतरत होती, कपडे चढत होते, आणि मी, चौदा वर्षांची अनुभवी, कार्ड बघून खूष!

ही पिशवी? त्या पोरीचेच कपडे, काल जावेनेच दिले. म्हणाली, ताई, तुमच्या फेरीत कुणाचं बाळ गारठत असेल तर द्या. तिला अजून वाटतं, काट्यानेच घात केला. तुमच्या तपासणीच्या चिठ्ठीसाठी सकाळपासून बाहेर पायरीवर बसलीये.

घ्या, टांगा. पिशवी नको, नुसते कपडे टाका झोळीत. सगळे — ते टोपडंही. थांबू द्या काट्याला. नका, मोठ्याने वाचू नका. पाचशे पन्नास. दिसतंय मला.

लिहा दादा. काटा बरोबर आहे, असंच लिहा, खाली सही करा. आणि जाताना चिठ्ठी तिच्याच हातात द्या, मला नको — वाचता येतं तिला. राहू द्या, कपडे मी काढते. तुम्ही जा.