रबराच्या मळ्यातलं वाचन

सन्माननीय अध्यक्ष आबाजी पाटील, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, दवाखान्यातले माझे सोबती आणि कर्जत-खालापूरच्या गावागावांतून पायपीट करून आलेल्या माझ्या आयाबहिणींनो, भावांनो,

नर्सिंग शिकायला मुंबईला निघालेल्या एका बाईला निरोप द्यायला एवढी माणसं जमतील, असं मला वाटलं नव्हतं. अध्यक्षांनी मघाशी माझ्या धाडसाचं कौतुक केलं. त्यांचा मान राखून सांगते, मलायात मी धाडसी नव्हते.

महायुद्ध संपल्यावर मलायाला निघालेल्या मदतपथकात मी नाव दिलं. नवरा वारला होता, शिक्षण मराठी सातवी आणि मलमपट्टीपुरतं. रबराच्या मळ्यातल्या छावणीत आम्हाला ठेवलं. मजूर सगळे तमिळ. सोबतच्या दोघी मराठी बायका तापाने खंगून परत गेल्या, मी राहिले. त्यानंतर कित्येक महिने मराठीचा एक शब्द कानावर पडला नाही. हाक मारणारंही कोणी नसलं, तर माणसाने स्वतःचं नाव तरी कशाला लक्षात ठेवावं?

तिथले डॉक्टरही तमिळच. मोडक्या हिंदीत माझ्याशी बोलत. त्यांनी मला इंग्रजी अक्षरं शिकवली आणि शुश्रूषेचं एक इंग्रजी पुस्तक व शब्दकोश दिला. काम आटोपलं की मी रुग्णांच्या खोलीतच बसून अक्षर अक्षर लावत मोठ्याने वाचायची. खरं सांगू? शिकण्यापेक्षा माणसाचा आवाज ऐकू यावा म्हणूनच.

कोपऱ्यातल्या खाटेवर कुप्पम्मा नावाची म्हातारी होती. तिची सगळी माणसं लढाईत गेलेली. मी थांबले की ती म्हणे, "पडी, अम्मा." मला वाटे, दमलीस, आता पड जरा, असं म्हणते आहे. मी हसून पुस्तक मिटायची आणि ती भिंतीकडे तोंड फिरवायची. शेवटी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "ती तुम्हाला वाचा म्हणते आहे."

मग मी तिच्या खाटेपाशी बसू लागले. जखम कशी धुवावी, यातलं तिला काय कळणार? मलाही निम्मंच कळत होतं. कधी पुस्तक बाजूला ठेवून मी मराठीत आपल्या पोशीर गावचं सांगायची, भाताच्या झोडणीचं, नवऱ्याच्या आजारपणाचं. ती तिच्या भाषेत तिचं सांगायची. एकीचं दुसरीला कळत नसे, पण डोळे दोघीही पुसायचो.

एका सकाळी ती गेली. मी पुस्तक पेटीत टाकलं आणि परत जाते म्हणून डॉक्टरांना सांगून आले. त्यांनी अडवलं नाही. पेटी बांधत होते, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरची बाई, जी कधी माझ्याकडे बघतही नसे, हळूच म्हणाली, "पडी."

मी पेटी सोडून पुस्तक पुन्हा बाहेर काढलं. ते पुस्तक पुरतं वाचूनच परत आले. त्या इंग्रजीच्या जोरावर आज मला मुंबईला प्रवेश मिळाला आहे.

माझ्या सासूबाई, धोंडूबाई, समोर बसल्या आहेत. मलायाबद्दल त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. काल माझ्या लुगड्यांच्या घड्या करताना मात्र म्हणाल्या, "तू तिकडं व्हतीस तवा मी पन एकलीच व्हते गं. घरात बोलाया कोन नाय. आता आयतवारी तरी येत जा."

मी येईनच. पण मधले सहा दिवस उरतात. आपण सर्वांनी माझ्यावर जो लोभ केला, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलायची सवय नसल्याने काही उणंअधिक बोललं गेलं असेल, तर पोटात घाला. आणि येताजाता आमच्या ओट्यावर घटकाभर टेका. सासूबाई बोलावणार नाहीत. तुम्हीच जा.